परक्याची विद्या हवी, परका नको!

२० जुलै २०२५ रोजी जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली आणि तीत ‘सान्सेइतो’ नावाच्या एका नवख्या पक्षाने १४ जागा जिंकल्या. २०२० साली स्थापन झालेला आणि यूट्यूबवरील व्याख्यानांच्या बळावर वाढलेला हा पक्ष ‘जपानी माणूस प्रथम’ ही घोषणा घेऊन मतदारांपुढे गेला होता. त्या निवडणुकीत सत्तारूढ आघाडीचे वरिष्ठ सभागृहातील बहुमत गेले, आणि तेव्हापासून परदेशी माणूस हा जपानच्या राजकारणात निवडणुकीचा विषय होऊन बसला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, पक्षनेतेपदाच्या चढाओढीत श्रीमती सानाए ताकाइची यांनी नारा येथील पवित्र हरणांना परदेशी प्रवासी लाथा मारतात असा उल्लेख आपल्या भाषणात केला. ऑक्टोबरमध्ये त्या पंतप्रधान झाल्या. मध्यंतरी जपानच्या एका सरकारी संस्थेने चार जपानी शहरांचे चार आफ्रिकी देशांशी स्नेहसंबंध जोडण्याची एक निरुपद्रवी योजना जाहीर केली होती. तिच्याविषयी अशी आवई उठली की, ही शहरे आफ्रिकी स्थलांतरितांना बहाल करण्यात येत आहेत. नगरपालिकांचे दूरध्वनी निषेधाने खणखणू लागले आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी ती योजना मागे घ्यावी लागली.

आता आकडे पाहा. जपानची लोकसंख्या सुमारे साडेबारा कोटी. २०२४ च्या अखेरीस तेथे राहणारे परदेशी नागरिक सुमारे ३७ लाख ७० हजार, म्हणजे शंभरात तीन. त्याच वर्षात जपानी नागरिकांची संख्या नऊ लाखांहून अधिक घटली, आणि जन्मलेली मुले सात लाखही भरली नाहीत. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करावयास, शेतातील कोबी काढावयास, इमारतीच्या पराती वाहावयास माणसे नाहीत, अशी त्या देशाची अवस्था आहे. ज्या घरात पाणी भरावयास माणूस उरलेले नाही, त्या घराने दारात उभ्या राहिलेल्या पाणक्याकडे संशयाने पाहावे, हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. तो समजून घेण्याचे आम्हांस विशेष कारणही आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

या विषयावर जे लिहिले जाते त्यात एक ठरीव उत्तर नेहमी आढळते. जपान हे बेट. बेटावरचा माणूस एकलकोंडा. त्यांचा वंश एक, भाषा एक. सबब परक्यांचा संशय त्यांच्या रक्तातच आहे! आम्ही काही वर्षे वर्गात भूगोल शिकविला आहे, आणि नकाशावर बोट ठेवून राष्ट्राचा स्वभाव सांगून टाकण्याचा मोह किती अनावर असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु इंग्लंडही बेटच आहे, आणि त्या बेटावरची माणसे तर आमच्या घरात शिरून दीडशे वर्षे ठाण मांडून बसली होती. शिवाय रक्ताची उपपत्ती खरी मानली, तर इतिहासातील पहिल्याच प्रसंगाला तिच्याजवळ उत्तर उरत नाही. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. १५४९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोचला. तो निघाला होता आपल्या गोव्याहून, आणि त्याच्याबरोबर अंजिरो नावाचा जपानी मनुष्य होता, ज्याचा बाप्तिस्मा त्याच्या आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. या पाहुण्यांचे स्वागत कसे झाले? सरदारांनी त्यांना जमिनी दिल्या, त्यांच्याकडून बंदुकी घेतल्या आणि थोड्याच वर्षांत त्या घरी बनविल्या. ओदा नोबुनागासारखा त्या काळचा सर्वांत बलाढ्य पुरुष पाद्र्यांना जवळ बसवून पृथ्वीच्या आकाराविषयी प्रश्न विचारीत असे. ज्या जनतेच्या रक्तात संशय आहे, तिची ही वागणूक नव्हे.

संशय आला तो पुढे, आणि त्याला कारणे होती. १५८० साली ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती झालेल्या सरदाराने नागासाकीचे बंदर जेझुइटांच्या स्वाधीन केले. देशाच्या भूमीवरील एक बंदर परकीय धर्मसंस्थेच्या हाती, ही गोष्ट कोणत्याही राज्यकर्त्याच्या पोटात गोळा आणील अशीच होती. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. पोर्तुगीज व्यापारी जपानी स्त्रीपुरुष विकत घेऊन बाहेर नेत होते, आणि ते गुलाम मकाव व गोव्यापर्यंत पोचले होते. १५८७ साली तोयोतोमी हिदेयोशीने पाद्र्यांच्या हकालपट्टीची आज्ञा काढली, त्याच सुमारास त्याने या माणसांच्या विक्रीचाही निषेध केला, हे विसरून चालणार नाही. गोव्यात याच पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन मांडले होते. साष्टी-बारदेशची हकीगत ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला तरी हिदेयोशीचे भय केवळ भ्रम होते असे म्हणता येणार नाही.

पण भय खरे असणे आणि त्याची शिक्षा योग्य माणसाला होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला. तेव्हा त्या गलबताच्या सुकाणूवाल्याने, म्हणे, नकाशा पुढे करून फुशारकी मारली की, आमच्या राजाचे साम्राज्य इतके पसरले ते असेच. आधी पाद्री जातात, मग शिपाई. असे तो खरोखर म्हणाला की नाही, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पण फिलिपाइन्स स्पेनने गिळले होते हे तर उघडच होते, आणि हिदेयोशीला तेवढे पुरले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांतील २० जपानी, ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचा आणि १ आपल्या वसईचा. गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. १८६२ साली पोपने या २६ जणांना संतपद दिले, आणि वसईला त्याच्या नावाचे महाविद्यालयही आहे. परंतु वसईबाहेरच्या मराठी माणसाला हा पुरुष फारसा ठाऊक नाही. हा गोन्सालो जपानी भाषा अस्खलित बोले. जेझुइटांच्या हाताखाली तो लहानपणी तेथे गेला, पुढे मकावला व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला, आणि १५९३ साली हिदेयोशीकडे आलेल्या वकिलातीबरोबर दुभाषा म्हणून परत जपानात उतरला. राजा आणि राजदूत यांच्यामध्ये उभा राहून जो दोघांचे बोलणे दोघांना समजावून देत होता, तोच क्रुसावर गेला. संशयाच्या इतिहासात दुभाष्याची ही गत पुन्हा पुन्हा होते. तो दोन्हीकडचा असतो, म्हणून दोन्हीकडे परका ठरतो.

येथवर जे झाले ते राजकारण होते. तोकुगावा घराण्याच्या राजवटीत त्याचे शासनव्यवस्थेत रूपांतर झाले, आणि आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १६३५ मध्ये जपानी माणसाने परदेशी जाऊ नये, आणि गेलेल्याने परत येऊ नये, आला तर देहान्त, असा हुकूम सुटला. १६३७ साली शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्याला जुलमी सारा हे कारण तितकेच होते जितका धर्म, परंतु सरकारने त्याला परकीय धर्माचे बंड असे नाव दिले. जुलमाने पिचलेल्या रयतेची तक्रार ऐकण्यापेक्षा तिला परक्यांनी फितविले असे म्हणणे सोयीचे असते. ही युक्ती जपानी सरदारांनीच शोधून काढली असे मात्र कोणी समजू नये! १६३९ साली पोर्तुगीजांना बंदरे बंद झाली. १६४० साली मकावहून आर्जव करावयास आलेल्या वकिलातीतील ६१ जणांची डोकी उडविण्यात आली, आणि १३ जणांना ती वार्ता सांगण्यासाठी जिवंत परत पाठविण्यात आले.

वाचकांस वाटेल की दार बंद झाले. पण ‘साकोकु’, म्हणजे ‘कुलूपबंद देश’, हा शब्दच त्या काळचा नव्हे. केम्फर नावाच्या जर्मन वैद्याच्या लिखाणाचे भाषांतर करताना शिझुकी तादाओ या नागासाकीच्या विद्वानाने तो १८०१ साली घडविला. प्रत्यक्षात दार बंद नव्हते. दारावर पहारा होता. त्सुशिमावरून कोरियाशी, सात्सुमाकडून र्‍युक्यूशी, मात्सुमाएकडून आयनू लोकांशी आणि नागासाकीहून चिनी व डच यांच्याशी व्यवहार चालूच होते. डचांना १६४१ मध्ये देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर नेऊन ठेवले. लांबी सुमारे १२० मीटर, रुंदी ७५. किनाऱ्याशी जोडणारा एक पूल, आणि त्या पुलावर चौकी. शिमाबाराच्या बंडात हेच डच आपल्याच धर्माच्या शेतकऱ्यांवर तोफा डागून आपली इमानदारी सिद्ध करून चुकले होते, म्हणून त्यांना ही कृपा! दरवर्षी त्यांनी जगातील घडामोडींचा वृत्तांत सरकारला लिहून द्यावा, असा दंडक होता. त्यांच्या पुस्तकांतून जपानी पंडित वैद्यक, खगोल, तोफखाना शिकले. १७७४ साली सुगिता गेन्पाकू आणि त्याच्या सोबत्यांनी शरीररचनाशास्त्राचा डच ग्रंथ जपानीत आणला. परक्याजवळचे सर्व काही घ्यावे, पण परक्याला पुलाच्या अलीकडे येऊ देऊ नये, ही ती व्यवस्था. तिला अज्ञान म्हणता येत नाही. ती फार शहाणी, फार काटेकोर व्यवस्था होती.

आणि पुलाच्या अलीकडे काय चालले होते? प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध देवळात नाव नोंदवून, आपण ख्रिस्ती नाही असा दाखला घ्यावयाचा. क्यूशूच्या भागात दरवर्षी येशूच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर सर्वांसमक्ष पाय ठेवावयाचा. पाच-पाच घरांचे गट केलेले. एका घरात निषिद्ध धर्म सापडला तर पाचही घरे जबाबदार. शेजाऱ्यावर नजर ठेवणे हा दुर्गुण न राहता कर्तव्य बनले, आणि जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदींइतकेच ते अंगवळणी पडले. दोन शतकांहून अधिक काळ, म्हणजे आठ-दहा पिढ्या, हा धडा रोज गिरविला गेला. असा धडा गिरवून घेतल्यावर तो ‘राष्ट्रस्वभाव’ वाटू लागला, तर त्यात नवल कसले? एवढे करूनही १८६५ साली नागासाकीच्या एका नव्या चर्चात गावकऱ्यांचा एक लहानसा जथा आला आणि आपला धर्म तुमचाच आहे असे त्यांनी फ्रेंच पाद्र्याला हळूच सांगितले. शेजाऱ्यांच्या पाच-पाच घरांनी ते गुपित सात पिढ्या पोटात ठेवले होते! राष्ट्रस्वभावाचे सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या खेडुतांचेही काही स्पष्टीकरण द्यावे.

पुढे गोऱ्या राष्ट्रांनी त्या संशयाला पुष्टी देण्याचे काम चोख बजावले. १८०८ साली एक ब्रिटिश युद्धनौका डच निशाण लावून नागासाकीच्या बंदरात घुसली आणि ओलीस धरून रसद उकळून निघून गेली. बंदराच्या अधिकाऱ्याने त्या अपमानापोटी पोट चिरून घेतले. १८२५ मध्ये दिसेल त्या परक्या जहाजावर तोफ डागण्याचा हुकूम निघाला. मग अफूच्या युद्धात चीनची झालेली दुर्दशा ऐकू आली. १८५३ साली पेरी चार जहाजे घेऊन आला, आणि १८५८ साली पाच राष्ट्रांशी असे तह झाले की, गोऱ्याने जपानात गुन्हा केला तर त्याचा न्याय गोऱ्याच्या वकिलाने करावा आणि जपानने आपल्या जकातीचे दरही स्वतः ठरवू नयेत. त्या जोखडातून पूर्ण सुटका व्हावयास १९११ साल उजाडले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. येथे तर दूधही उकळते होते आणि ताकही गरमच निघाले. १९१९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेत वंशसमानतेचे कलम घालावे अशी सूचना जपानने केली, ती फेटाळण्यात आली. १९२४ साली अमेरिकेने जपानी स्थलांतरितांना दार लावले. ज्याच्याकडे जग संशयाने पाहते, त्याची स्वतःची दृष्टी निवळ राहावी अशी अपेक्षा करणे थोडे धाडसाचेच आहे.

तरीही एक भेद केला पाहिजे. पेरीच्या जहाजाचा संशय हा बलिष्ठाविषयीचा संशय होता. १९१० साली जपानने कोरिया गिळल्यानंतर जो संशय वाढला तो दुर्बळाविषयीचा, आपणच ज्याला लुबाडले त्याच्याविषयीचा होता. ही जात अधिक विषारी. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो-योकोहामाच्या प्रदेशात महाभूकंप झाला. भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत एक लाखावर माणसे मेली. संध्याकाळपर्यंत आवई पसरली की, कोरियन लोक विहिरींत विष घालीत आहेत, आगी लावीत आहेत. वर्तमानपत्रांची छापखानेच जळाली होती, तेव्हा खरे-खोटे कोण करणार? सरकार करू शकले असते. सरकारने उलट केले. गृहखात्याच्या पोलीस विभागाकडून प्रांतोप्रांती जी तार गेली, तीत कोरियन आगी लावीत आहेत असे सत्य म्हणून सांगितले होते. मोहल्ल्यामोहल्ल्यांत राखणदारांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. रस्ता अडवून त्या वाटसरूला ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणावयास लावीत. ज्याचा जपानी उच्चार चुकला तो कोरियन, आणि जो कोरियन तो मेला. मृतांचा आकडा आजही वादग्रस्त आहे. तो हजारांत होता, एवढे निश्चित. चिनी मजूर मारले गेले. आणि चिबा प्रांतातील फुकुदा गावाजवळ औषधे विकीत फिरणाऱ्या, दूरच्या कागावा प्रांतातून आलेल्या जपानी फेरीवाल्यांपैकी नऊजण मारले गेले. त्यांची बोली गावकऱ्यांना ओळखीची वाटली नाही, एवढाच त्यांचा अपराध.

हा मजकूर वाचताना कोणी दुरून हळहळू नये. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते याच महाराष्ट्राचे होते, मराठीच बोलत होते. परका कोण हे ठरविण्यासाठी समुद्रापलीकडून कोणी यावेच लागते असे नाही.

१९२३ च्या त्या दिवसांतील आणखी एक नाव मात्र नोंदले पाहिजे. योकोहामाजवळच्या त्सुरुमी येथील पोलीस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे ३०० कोरियनांना ठाण्यात आसरा दिला आणि दारात जमलेल्या जमावाला परत लावले. तीच जनता, तेच शिक्षण, तीच अफवा; ठाण्याच्या दारात एक अधिकारी निराळा उभा होता, एवढाच फरक. त्याआधी आठ वर्षे, १९१५ मध्ये, ब्रिटिशांच्या दडपणाखाली जपानी सरकारने रासबिहारी बोस यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा शिंजुकूच्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना आपल्या घरी लपविले. म्हणजे परक्याला हाकलणारे सरकार आणि त्याला घरात घेणारा पाववाला, दोघेही जपानीच. यांपैकी ‘राष्ट्रीय संस्कृती’ कोणती म्हणावयाची?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने साम्राज्य गमावले, परंतु देजिमाचा पूल गमावला नाही. १९५२ साली सान फ्रान्सिस्कोचा तह अमलात येताच, जपानात राहणाऱ्या, बहुतेक तेथेच वाढलेल्या लाखो कोरियनांचे जपानी नागरिकत्व एका परिपत्रकाने संपले. काल प्रजा, आज परके. आणि १९५५ पासून त्यांच्या बोटांचे ठसे घेण्यास सुरुवात झाली. या अपमानाविरुद्ध त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. मग समृद्धी आली, मजूर कमी पडू लागले. १९९० साली कायदा बदलून ब्राझील व पेरूमधील जपानी वंशाच्या लोकांना बोलावून घेतले. रक्त आपले आहे, तेव्हा संशयाला जागा नाही, हा हिशेब. प्रत्यक्षात ती माणसे पोर्तुगीज किंवा स्पॅनिश बोलत, मोठ्याने हसत, आणि कारखान्याबाहेर परकीच राहिली. २००८ च्या मंदीनंतर, २००९ साली, सरकारने बेकार झालेल्यांना प्रत्येकी तीन लाख येन देऊन परत जाण्यास सांगितले, आणि त्याच परवान्यावर पुन्हा येऊ नये अशी अटही घातली. गरज सरो आणि वैद्य मरो, हे इतके रोखठोक क्वचितच कोणी अमलात आणले असेल. येथे रक्ताच्या उपपत्तीचा शेवटचा आधारही तुटतो. कारण ही माणसे तर एकाच रक्ताची होती.

१९९३ मध्ये ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ नावाची योजना निघाली. नाव असे की, गरीब देशांतील तरुणांना जपानी कौशल्य शिकवून परत पाठवावे. काम असे की, शिवणकारखान्यांना, मासळीच्या गुदामांना आणि शेतांना स्वस्त मजूर मिळावेत. मालक बदलण्याची मुभा नाही, बायकामुलांना आणण्याची परवानगी नाही, गावाकडील दलालाचे कर्ज डोक्यावर. पुष्कळ जण पळून गेले, आणि पळालेला परदेशी म्हणजे गुन्हेगार, अशी वार्ता पुन्हा वर्तमानपत्रांत छापून आली. जी व्यवस्था माणसाला पळावयास लावते, तीच पळणाऱ्याकडे बोट दाखवून पाहा म्हणते, हे चक्र आहे. वास्तविक जपानी पोलिसांच्याच आकड्यांनुसार परदेशीयांकडून घडलेल्या गुन्ह्यांनी २००५ च्या सुमारास कळस गाठला, आणि नंतर परदेशीयांची संख्या दुपटीच्या आसपास गेली तरी, अलीकडची थोडी वाढ धरूनही, गुन्हे त्या पातळीच्या पुष्कळ खाली आहेत. पण संशयाला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. भाड्याने घर मागावयास गेलेल्या परदेशी माणसाला ‘कचरा नीट टाकतील की नाही’ या शंकेवर नकार मिळतो, तेव्हा त्या नकारामागे पोलिसांचा आकडा नसतो. पाच घरांच्या जबाबदारीची ती जुनी सवय असते. शेजारी चुकला तर दोष आपल्यालाही लागेल, ही भीती.

या सर्व इतिहासाकडे आम्ही एवढ्या आस्थेने पाहतो याचे कारण सांगण्याची वेळ आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मोदी तोक्योला गेले असताना उभय देशांत मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा ठरला: पाच वर्षांत पाच लाख माणसांची ये-जा, आणि त्यांपैकी ५० हजार कुशल व होतकरू भारतीय जपानात जावयाचे. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग अनेक वर्षे भरतात, आणि तेथून संगणकाच्या कामासाठी जाणाऱ्या मराठी मुलांची वाट आता रुळलेली आहे. तोक्योच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई ही वस्ती भारतीयांची म्हणून ओळखली जाते. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक यांना २०१९ साली याच विभागाच्या सभेवर मतदारांनी निवडून दिले. हीही जपानी मतदारांचीच मते होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. परंतु संगणकतज्ज्ञाची गोष्ट निराळी आणि ज्याला वृद्धाश्रमात रात्रपाळी करावयाची आहे त्या मुलाची गोष्ट निराळी. ५० हजारांची बातमी जपानात पोचताच तेथे समाजमाध्यमांवर भारतीयांविरुद्ध गरळ ओकण्यास प्रारंभ झाला, हेही आपण पाहिले.

जपानच्या सरकारला आम्ही काय सांगणार? तोक्योच्या योकोआमिचो उद्यानात १९७३ पासून कोरियन बळींचे एक स्मारक आहे. दरवर्षी १ सप्टेंबरला तेथे शोकसभा होते आणि शहराचे राज्यपाल तिला संदेश पाठवीत असत. २०१७ साली श्रीमती युरिको कोइके यांनी तो पाठविणे थांबविले. २०२३ साली, त्या हत्याकांडाला शंभर वर्षे झाली तेव्हा, सरकारच्या प्रवक्त्याने खात्री करून घेता येईल असे कागदपत्र सरकारदप्तरी आढळत नाहीत असे सांगितले. ज्या गृहखात्याच्या तारेने तेव्हा वणवा पेटविला, त्याच्या वारसांनी कागद नाहीत म्हणावे, यावर भाष्य नको. मात्र १९२३ चा धडा सरकारदप्तरातून गहाळ झाला असेल, तर नव्या अफवेला आवर घालणारा ठाणेदार कोणत्या पुस्तकातून तयार होणार, हा प्रश्न जपानी विचारवंतच आपल्या सरकारला विचारीत आहेत, आणि त्यांचा आवाज आपण ऐकला पाहिजे.

दिल्लीला मात्र आम्हांस काही सांगावयाचे आहे. प्रशिक्षणार्थींची जुनी योजना रद्द करून जपान २०२७ च्या एप्रिलपासून नवी योजना सुरू करावयाची असे ठरले आहे. तीत काही काळानंतर मालक बदलण्याची मुभा आहे, ही सुधारणा आहे. परंतु कुटुंब सोबत नेण्याची मुभा तीतही नाही. म्हणजे तरुण माणसाने उमेदीची वर्षे द्यावीत, घरदार मागे ठेवावे, वस्तीत कोणाशी नाते जडू देऊ नये, आणि मग त्याच्याविषयी म्हणावे की हे लोक आमच्यात मिसळत नाहीत! पूल अजून तोच आहे; चौकीवरचा शिपाई तेवढा बदलला. अशा स्थितीत पाच लाखांचा आणि ५० हजारांचा आकडा व्यासपीठावरून घोषित करणे सोपे आहे. जाणाऱ्या मुलाकडून दलालाने किती पैसे घ्यावेत, करार त्याला समजेल अशा भाषेत मिळेल की नाही, मालकाने छळ केला तर तक्रार कोणत्या कचेरीत करावयाची आणि तेथे त्याची भाषा जाणणारा माणूस असेल की नाही, बायकामुलांना किती वर्षांनी नेता येईल, आणि मंदी आली तर त्याला २००९ सारखे तीन लाख येन हातावर ठेवून परत पाठविणार काय, हे प्रश्न आकड्यांच्या खाली दडलेले आहेत. त्यांची उत्तरे आपल्या परराष्ट्रखात्याने लेखी घ्यावीत, आणि ती पहिली तुकडी विमानात बसण्यापूर्वी घ्यावीत. नंतर मागितली तर वकिलातीच्या फाईलींत त्यांचे काय होते, हे आखाती देशांत गेलेल्या मजुरांच्या घरच्यांना विचारून पाहावे.